फ्रेम करायच्या फोटोंसाठी कागद कोणता घ्यावा : ग्लॉसी, लस्टर की मॅट?

पायरीवरची

नमस्कार मंडळी,

जिन्यालगतच्या भिंतीवर सात फ्रेम लावायच्या आहेत. सगळे फोटो १२×१८ इंचांचे आणि काचेच्या फ्रेममध्ये. त्यातले चार रंगीत : दोन डोंगरदऱ्यांचे, एक खंड्याचा आणि एक रात्रीचा, पाण्यात उतरलेल्या दिव्यांचा. दोन घरच्या माणसांचे, खिडकीच्या उजेडात टिपलेले. सातवा आजीचा तरुणपणीचा कृष्णधवल फोटो, जुन्या प्रिंटवरून स्कॅन केलेला. मूळ प्रिंट पिवळी पडत चालली आहे आणि दुसरी प्रत कुणाकडेच नाही, त्यामुळे माझा सगळ्यात जास्त जीव त्याच्यात अडकलाय.

लॅबने ग्लॉसी (चकचकीत), लस्टर (दाणेदार, मंद चमकीचा) आणि मॅट (चमक नसलेला) असे तीन नमुने हातात दिले. तिथे उभ्याने बघताना मला ग्लॉसीच आवडला. खंड्याचा निळा त्याच्यावर नुसता उजळून निघाला होता. पण भिंतीच्या अगदी समोर मोठी खिडकी आहे आणि दुपारनंतर तिच्यातून भरपूर उजेड येतो. संध्याकाळी वर छताला एकच दिवा.

तर प्रश्न असे : सातही फोटो एकाच कागदावर काढावेत का? काच लागल्यावर कागदातला फरक दिसतो तरी का? आणि फ्रेमवाला 'चमक न मारणारी' खरबरीत काच सुचवतोय, ती घ्यावी का?

निळाशार

डोळे झाकून लस्टर घ्या. रंग जवळजवळ ग्लॉसीइतकेच खुलतात, बोटांचे ठसे उठत नाहीत, चमक मोडते. लग्नाच्या अल्बमपासून प्रदर्शनापर्यंत बहुतेक व्यावसायिक लोक हाच कागद वापरतात, ते उगाच नाही. सातही एकाच कागदावर काढा म्हणजे भिंत एकसारखी दिसेल.

काचकागद

ताई, प्रिंट काढणं आणि फ्रेम करणं ही दोन्ही कामं मी बरीच वर्षं करतोय, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. निळाशार यांचं उत्तर चूक नाही, पण तुमच्या भिंतीचा निम्मा निकाल कागद लावणारच नाही, तो समोरची खिडकी लावणार आहे.

लॅबमध्ये तुम्ही नमुना हातात धरून बघितलात. हातातला कागद आपण नकळत तिरपा करतो, चमक नजरेआड जाते आणि उरतो तो फक्त रंग. भिंतीवरची फ्रेम अशी फिरवता येत नाही. त्यामुळे हातात जिंकलेला ग्लॉसी भिंतीवर हरताना मी वारंवार बघितलाय.

आता काचेचं बघू. साध्या काचेवर समोरून पडलेल्या उजेडातला सुमारे ४ टक्के उजेड तिच्या पुढच्या बाजूवरून परत फिरतो आणि तेवढाच मागच्या बाजूवरून. म्हणजे एकूण ८ टक्क्यांच्या आसपास. आकडा लहान वाटतो, पण तो फोटोतल्या काळ्याशी ताडून बघा. चांगल्या ग्लॉसी कागदावरचा गर्द काळा त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम अर्धा टक्का परत पाठवतो. इंकजेटच्या, म्हणजे शाई फवारून छापणाऱ्या प्रिंटरच्या, मॅट कागदावरचा काळा दोन-सव्वादोन टक्के पाठवतो. म्हणून शेजारी शेजारी ठेवले की मॅटवरचा काळा कोळशासारखा आणि ग्लॉसीवरचा खोल दिसतो. पण काचेत खिडकी दिसू लागली की या दोन्ही काळ्यांवर तिच्या उजेडाचा ८ टक्क्यांचा पडदा येतो, आणि खिडकी तर भिंतीवरच्या पांढऱ्या कागदापेक्षाही कितीतरी उजळ असते. त्या पडद्याखाली अर्धा की दोन हा फरक गडप होतो. ज्या खोल काळ्यासाठी ग्लॉसी घेतला तो काळा दिवसभर दिसतच नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला कागदाचा नाही, जागेचा आहे. तो रात्रीचा फोटो खिडकीसमोर लावूच नका. त्याच्यात काळंच जास्त, त्यामुळे दिवसा फोटोऐवजी खिडकी आणि स्वतःचा चेहराच दिसत राहील. खिडकीशी काटकोनात असलेली एखादी भिंत त्याला द्या. डोंगरांचे फोटो उजळ असतील, भरपूर आकाश असेल, तर ते खिडकीसमोर बिनघोर चालतील, कारण उजळ भागावर तेच प्रतिबिंब फारसं जाणवत नाही.

आता कागद. ग्लॉसीचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत, त्यामुळे काचेच्या दोन बाजूंच्या मागे चमक मारणारी तिसरी बाजू तयार होते. लस्टरवर बारीक दाणेदार पोत दाबून उमटवलेला असतो, तो ही तिसरी चमक फोडून पसरवतो. मॅटवर ती जवळजवळ नसतेच. काच लावायचीच आहे तर ग्लॉसीचा झगमगाट काच स्वतः देतेच, तो कागदाकडून पुन्हा मागण्यात अर्थ नाही. खिडकीसमोरच्या रंगीत फोटोंना लस्टर. खंड्यालाही लस्टरच. निळा किंचित उतरेल, पण काचेमागे तो उतार शोधावा लागेल.

इथे एक घोळ नेहमी होतो. लॅबवाला ज्याला मॅट म्हणतो आणि इंकजेटवर छापणारा ज्याला मॅट म्हणतो ते दोन वेगळे कागद आहेत. लॅबचा बहुधा रासायनिक प्रक्रियेचा, प्लास्टिकचा थर असलेला फोटोपेपर असतो, फक्त त्याची वरची बाजू चमकहीन केलेली असते. इंकजेटचा चांगला मॅट कागद सुती किंवा लाकडाच्या शुद्ध लगद्याचा असतो, हाताला जाड चित्रकागद वाटतो आणि त्याला काळी शाईसुद्धा वेगळी लागते. ग्लॉसीची काळी मॅटवर फिकी पडते, आणि मॅटची काळी ग्लॉसीवर धरतच नाही, बोट लावलं तर पुसून येते. कुणी मॅटची शिफारस केली की आधी विचारा, यातला कोणता?

खरबरीत काच घेऊ नका, हे मी ठामपणे सांगतो. तिचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा केलेला असतो. ती चमक कमी करत नाही, तिला पसरवते. खिडकीचा चौकोन दिसायचा थांबतो आणि त्याऐवजी सगळ्या फोटोवर दुधी झाक येते. शिवाय काच आणि प्रिंट यांच्यात जितकं अंतर वाढेल तितका फोटो मऊ पडतो. प्रिंटला चिकटून ठेवली तर ठीक दिसते, माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, लावून उचलली की केसांचे, पिसांचे बारीक तपशील विरघळतात. खंड्याच्या पिसांची वाट लागेल.

याउलट परावर्तनरोधक थर दिलेली काच मिळते. चष्म्याच्या भिंगांना देतात तशा जातीचा थर. ती १ टक्क्याहूनही कमी उजेड परत पाठवते आणि फोटो मऊ करत नाही. महाग असते, सातही फ्रेमना घेणं बहुतेकांना झेपत नाही. एकाच फ्रेमसाठी घ्यायची असेल तर कुठल्या, ते तुम्ही वरच सांगून टाकलंय.

आणि माउंट. याबाबत मी कुणाचंही ऐकत नाही. प्रिंट काचेला टेकता कामा नये. हवेत दमटपणा वाढला, तापमान पटकन बदललं की काचेच्या आतल्या बाजूला बाष्प धरतं. फोटोपेपरचा वरचा थर ते पितो, फुगतो आणि वाळताना काचेला चिकटतो. असे चिकटलेले फोटो माझ्याकडे नेहमी येतात. पुढून बघितलं तर ओल्या डागासारखे चमकदार चट्टे दिसतात, कड नसलेले, नकाशातल्या बेटांसारखे. ओढून काढायला गेलं की चित्र काचेवर राहतं आणि हातात पांढरा कागद येतो. असा फोटो कुणाकडे असेल तर आधी काचेसकट स्कॅन करून ठेवा, मग पुढचा विचार करा. माउंटबोर्डच्या जाडीएवढी, दीड-दोन मिलिमीटरची फट पुरते. माउंट नको असेल तर काचेच्या कडेने फ्रेमच्या खाचेत बसणाऱ्या पट्ट्या लावून घ्या. बोर्ड आम्लमुक्त मागा, नाहीतर काही वर्षांनी माउंटच्या आतल्या कापलेल्या कडेला तपकिरी रेघ उमटते आणि तीच पुढे प्रिंटवर उतरते.

एवढं सगळं वाचूनही माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुकडे काढून बघा. रात्रीच्या फोटोतला काळ्याचा भाग, एका चेहऱ्याचा गाल आणि डोंगरामागचं पांढुरकं आकाश, असे तीन तुकडे एकाच छोट्या प्रिंटवर शेजारी बसवा. तीच प्रिंट तिन्ही कागदांवर काढा. फ्रेमवाल्याकडून काचेचा एक सुटा तुकडा आणि माउंटची एक पट्टी आणा. हे सगळं त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर धरा. एकदा दुपारी, एकदा दिवा लावून, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवरून. जिन्यावर हे विशेष महत्त्वाचं, कारण खालून वर बघताना काचेत छताचा दिवा येतो आणि समोर उभं राहिल्यावर खिडकी.

पायरीवरची

काचकागद दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार.

तुकडे काढले आणि काल बसून बघितले. ग्लॉसीचं तुम्ही म्हणता ते डोळ्यांनी दिसलं. माउंटची पट्टी मध्ये ठेवून काच धरली तर छताचा दिवा दोनदा दिसतो. एक काचेवरचा आणि जरा बाजूला सरकलेला एक कागदावरचा. लस्टरवर दुसऱ्या दिव्याच्या जागी नुसता उजळ धुरकट ठिपका. मॅटवर दुसरा दिवाच नाही, पण लॅबच्या मॅटवर गाल जरा पिठाळ वाटला. लस्टरवरचा गाल सगळ्यात खरा. तेव्हा रंगीत फोटोंचं ठरलं, सगळे लस्टरवर. रात्रीचा फोटो आता वरच्या खोलीच्या दाराशेजारी जाईल, तिथे समोर खिडकी नाही.

आजीच्या फोटोवर मात्र अडले आहे. मूळ प्रिंट जाड कागदाची आहे, वर मधमाशीच्या पोळ्यासारखा बारीक उठाव आहे आणि स्कॅनमध्ये तो उठाव फोटोभर ठिपक्यांसारखा आलाय. लस्टरवर काढून बघितलं तर हे ठिपके आणि लस्टरचे दाणे मिळून चेहऱ्यावर काहीतरी किचकट दिसतंय. काय करावं?

अंधारखोली

पायरीवरची, हा माझा प्रांत. मी आजही अंधाऱ्या खोलीत हाताने प्रिंट काढते, म्हणून कृष्णधवलबद्दल सांगते.

आधी स्कॅन सुधारा. तो उठाव स्कॅनरच्या एका बाजूने येणाऱ्या दिव्यामुळे जास्त उमटतो. प्रत्येक दाण्याची एक बाजू उजळते, दुसरीवर सावली पडते. फोटो एकदा सरळ ठेवून स्कॅन करा, मग १८० अंशांत फिरवून पुन्हा. दुसरा संगणकावर सुलटा करून पहिल्यावर नीट जुळवा आणि अर्ध्या पारदर्शकतेने मिसळा. एकात उजळलेली बाजू दुसऱ्यात सावलीत असते, त्यामुळे उठाव बराचसा मावळतो आणि चेहरा तसाच राहतो. धुरकट करणारे फिल्टर लावण्याआधी हे करून बघा. फिल्टर ठिपक्यांबरोबर पापण्याही पुसतात.

कागदाच्या बाबतीत मी काचकागद यांच्या एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन, आजीसाठी लस्टर नकोच. बॅरायटा मागा. १९ व्या शतकाच्या अखेरीपासून चांगले फोटोपेपर असेच बनत आले : कागदावर बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र थर आणि त्यावर चित्राचा थर. १९७० च्या दशकात प्लास्टिकचा थर असलेले कागद सर्रास झाले, कारण ते लवकर धुतले जातात आणि लवकर वाळतात. पण बॅरायटाची मंद, आतून आल्यासारखी चमक त्यांना जमली नाही. आता इंकजेटसाठीही बॅरायटा कागद मिळतात. काळा जवळपास ग्लॉसीइतका खोल, आणि पृष्ठभाग गुळगुळीत असूनही आरसा होत नाही. दाबून उमटवलेला दाणा नाही, त्यामुळे तुमची किचकट जाळी होणार नाही. जुन्या फोटोतली राखाडी छटांची चढण, म्हणजे गालाकडून मानेच्या सावलीकडे जाताना जी दिसते ती, या कागदावर सगळ्यात चांगली उतरते असा माझा अनुभव आहे.

सुती मॅटही वाईट नाही. फोटो मुळातच मऊ आणि फिका असेल, त्यात खोल काळं नसेलच, तर मॅटवर तो जास्त शोभेल. तुमच्या स्कॅनमध्ये आजीचे केस किती काळे आहेत, त्यावर ठरवा.

काचकागद

अंधारखोली यांना पूर्ण अनुमोदन. बॅरायटा मला सुचवायचाच होता, पण त्यांनी सांगितला तसा मला सांगता आला नसता.

आजीच्या फ्रेमसाठी आणखी दोन गोष्टी. एक, अतिनील किरण अडवणारी काच घेणार असाल तर कागद निवडताना त्याच काचेमागून बघा. बरेच पांढरेशुभ्र कागद उजळपणा आणणाऱ्या रसायनांमुळे तसे दिसतात. ती रसायनं अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. काचेने अतिनील किरणच अडवले की हा खेळ थांबतो आणि कागद एकदम पिवळट वाटायला लागतो. कृष्णधवल फोटोत हे लगेच डोळ्यांत येतं, कारण तिथे नजर वळवायला दुसरा रंग नसतो. अशी रसायनं नसलेला, मुळातच किंचित उबदार पांढरा कागद घेतला तर काचेआधी आणि काचेनंतर तो जवळपास सारखाच दिसतो. जुन्या फोटोला ती ऊब शोभतेही. माउंटही मग पांढराशुभ्र नको, कागदाच्या पांढऱ्याशी मिळताजुळता घ्या, नाहीतर शेजारी फोटो मळका वाटेल.

दोन, इंकजेटची प्रिंट निघाल्या निघाल्या काचेमागे बंद करू नका. हाताला कोरडी लागली तरी शाईतले द्रव बरेच दिवस हळूहळू बाहेर पडत राहतात, विशेषतः प्लास्टिकचा थर असलेल्या कागदांमधून, कारण त्यांना मागून वाट नसते. मग काचेच्या आतल्या बाजूला धुक्यासारखा थर बसतो आणि लोकांना वाटतं ओल आली. दिवसभर उघडी वाळू द्या, नंतर वर साधा कोरा कागद ठेवून एक दिवस वजनाखाली ठेवा. तो कागद लाटा धरून उठला तर समजा त्याने द्रव ओढले, बदलून पुन्हा ठेवा. लाटा येईनाशा झाल्या की फ्रेम करा. बॅरायटा आणि सुती कागदांना हा त्रास कमी. लॅबच्या रासायनिक प्रिंटना शाईच नसते, त्यामुळे तुमच्या लस्टरना यातलं काही नको.

जिन्याच्या दिव्याचंही सांगायचं राहिलं. फ्रेमचा वरचा काठ भिंतीपासून थोडा पुढे झुकेल अशी टांगा. फ्रेम जितक्या कोनात झुकवाल त्याच्या दुप्पट कोनाने काचेवरून परतणारा उजेड खाली वळतो, त्यामुळे खालच्या पायरीवरून दिसणारा छताचा दिवा बहुधा काचेबाहेर जाईल. पुरेसं झुकलं की नाही ते दुसऱ्या कुणाला तरी फ्रेम धरायला लावून, स्वतः खाली उभं राहून बघा.

निळाशार

खरबरीत काचेबद्दल माझं मत वेगळं होतं, पण माउंटसकट धरून कधी बघितलं नव्हतं. आता बघितलं. काचकागद यांचं पटलं.

पायरीवरची

अंधारखोली ताई, दोन स्कॅन मिसळण्याची युक्ती लागू पडली. ठिपके पार गेले नाहीत, पण आता शोधावे लागतात. आजीच्या कानातल्या कुड्यांचे मोती मला पहिल्यांदाच वेगवेगळे दिसले. केस चांगले काळे आहेत, म्हणून बॅरायटाच घेतेय, उबदार पांढरा, आणि काच परावर्तनरोधक. माउंट नमुन्याशेजारी ठेवूनच निवडेन.

एक शेवटचं. प्रिंटच्या मागे आजीचं नाव आणि साल लिहून ठेवायचं आहे, पुढे कुणाला कळावं म्हणून. कशाने लिहू?

काचकागद

बॅरायटाची मागची बाजू कागदच असते, तेव्हा मऊ शिसपेन्सिलीने लिहा, तीही चित्राच्या मागे नको, कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या मागे. प्रिंट उलटी करताना खाली स्वच्छ, गुळगुळीत कागद हवा आणि हात हलका, नाहीतर अक्षरं पुढच्या बाजूला उठतात. बॉलपेन आणि साधं स्केचपेन टाळा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो, स्केचपेनची शाई वर्षांनुवर्षं आत झिरपत राहते. लस्टरच्या मागे प्लास्टिक असतं, तिथे पेन्सिल धरत नाही. त्या प्रिंटना काहीच करू नका, नाव आणि साल आम्लमुक्त कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती फ्रेमच्या मागच्या पाठीवर बाहेरून चिकटवा. आजीच्या फ्रेमलाही तशी एक चिठ्ठी लावा, म्हणजे नाव वाचण्यासाठी कुणाला फ्रेम उघडावी लागणार नाही. आणि मूळ प्रिंटसुद्धा त्याच आम्लमुक्त बोर्डाच्या पाकिटात, अंधाऱ्या कोरड्या कपाटात ठेवा. नवी कितीही चांगली आली तरी ती टाकू नका.